बैठकीतलं 'व्हय म्हाराजा'

वेंगुर्ले-सावंतवाडीकडच्या काजू कारखान्यात सुपरवायझर म्हणून लागलात की काम महिन्या-दोन महिन्यांत हाताखाली येतं. माणसं मात्र येत नाहीत. त्यात दमछाक होते, सगळ्यांचीच होते.

"सगळ्यांना विचारून काम करा" असं प्रत्येक जण सांगतो. फसगत कुठे होते ते कुणी सांगत नाही. ती होते पहिल्याच वाक्यात. "ड्रायरचा वेळ तासभर वाढवूया असं मला वाटतं, तुमचं काय मत?" झालं, देवापुढे घालतात तसं गाऱ्हाणं घातलंत; आता मागून सगळ्यांचं 'व्हय म्हाराजा'च येणार. सोलणाऱ्या बाराच्या बारा जणी "तुमी सांगशात तसा" म्हणतात आणि तुम्हाला वाटतं एकमत झालं. मग अख्खा गर घटतो, पाकळी आणि तुकडा वाढतो. गर जास्त वाळला की ठिसूळ होऊन सोलताना फुटतो. कमी वाळला की साल चिकटून राहते, सुरीने खरवडावी लागते आणि तिथेही फुटतो. सोलणारीच्या बोटांना हे पहिल्या मुठीतच कळतं. तिला ठाऊक होतं, पण तुम्ही आधी बोललात. डब्ल्यू ३२० ही विक्रीची प्रत, म्हणजे पौंडाला ३०० ते ३२० अख्खे गर. फुटलेल्याला तो भाव नाही.

म्हणून स्वतःचं मत शेवटी. खरं तर 'मत' हा शब्दच काढू नका, घडलेलं विचारा: "काल कुठल्या ट्रेची साल सुटत नव्हती?" याचं उत्तर देताना कुणाच्या विरोधात जावं लागत नाही. सुरुवात सगळ्यात नव्या मुलीपासून करा, कारण जुनी काकी आधी बोलली की बाकीच्या तिच्यामागून जातात. मुकादम सगळ्या बायकांनंतर आणि तुमच्या आधी. मध्ये शांतता पडली तर बोलून ती भरू नका, मनात वीस आकडे मोजा. फार लांब वाटतात ते वीस आकडे. व्हॉट्सॲपवरचा पोल हा आळशाचा मार्ग. कुणी काय निवडलं ते सगळ्यांना दिसतं, मग पुन्हा तेच.

बैठक वीस मिनिटांची, जेवणाच्या सुट्टीआधी. काम सुटल्यावर घेतलीत तर प्रत्येकीचं लक्ष एसटीकडे. सोलाई किलोवर असेल तर त्या वीस मिनिटांचे पैसे द्या. नाहीतर तुमची लोकशाही त्यांच्या मजुरीतून चालते, आणि हे त्या तोंडावर कधीच सांगणार नाहीत.

सगळंच विचारायचं नसतं. टरफलाच्या तेलाने हात भाजतात, तेव्हा हातमोजे घालायचे की नाही यावर मतदान नको. स्वच्छताही तशीच. ट्रे कसे लावायचे, सोलायला कोण कुठे बसणार हे विचारून ठरवा. चतुर्थीच्या रजा मात्र पूर्ण त्यांच्यावर सोडा: ऑर्डर किती किलोची, रोज किमान किती हात लागतील एवढं सांगा आणि बाहेर जा. यादी आली की त्यात एकही नाव बदलू नका. एकदा बदललंत की पुढच्या बैठकीत पुन्हा गाऱ्हाणं.

"डोक्यावर बसतील" असं जुने व्यवस्थापक बजावतात. त्यांचं ऐकून घ्या, पण अमेरिकेतल्या आयोवातला प्रयोगही ठाऊक असू द्या. लेविन, लिपिट आणि व्हाइट या मानसशास्त्रज्ञांनी १९३९ साली छापलेला, दहा वर्षांच्या मुलांच्या गटांवरचा. हुकूम सोडणारा प्रमुख समोर असताना काम भरपूर झालं, तो खोलीबाहेर गेला की थंडावलं. विचारून चालणाऱ्या गटात ते बरंचसं चालू राहिलं. मोकाट सोडलेल्या गटात काम कमी आणि खराब. पहिल्या धाकातून सुटलेले नवे सुपरवायझर नेमके या तिसऱ्यात जाऊन पडतात.

बैठकीत आलेली प्रत्येक सूचना फळ्यावर तारखेसह लिहा आणि आठ दिवसांत तिच्यासमोर उत्तर. 'नाही' असेल तर 'नाही' लिहा, खाली कारण. कोरी राहिलेली ओळ त्या रोज येता-जाता वाचतात.