वहिनीच्या फराळाच्या पेजचं फीड एकदाचं जागेवर आलं

आमच्या वहिनीचा नौपाड्यात घरगुती फराळाचा व्यवसाय आहे, इन्स्टाचं पेज मी बघतो. फीड म्हणजे नुसती खिचडी, एक फोटो ट्यूबलाईटमधला निळसर, दुसरा पिवळा, मधेच शुभेच्छांचं भडक पोस्टर. पेजवर पोस्ट तीन-तीनच्या ओळीत दिसतात, म्हणून आधी मी हुशारी करून मधला कॉलम फक्त मजकुराचा ठेवला, पण एक पोस्ट टाकली की सगळं एक घर सरकतं आणि कॉलम मोडतो, दरवेळी तीन-तीन टाकायला वेळ कुणाकडे आहे? मग तो हट्ट सोडला.

त्यात 2025 मध्ये ग्रिड (पेजवरची पोस्टची जाळी) चौरस जाऊन 3:4 उभी झाली, आणि आपल्या 1080 बाय 1350 च्या पोस्टच्या दोन्ही कडा ग्रिडमध्ये प्रत्येकी साधारण 34 पिक्सेल कापल्या जातात. मी भाव अगदी कडेला लिहायचो, चूक माझीच. आता मजकूर मधोमध.

खरा फरक पडला तो उजेडाने. सगळे फोटो सकाळी गॅलरीतल्या खिडकीपाशी, एकाच पितळी ताटात, रंग दोनच, हळदी आणि गडद हिरवा. पुढच्या नऊ पोस्ट आधी फोनवर कोलाज करून बघतो, चकली-शेव शेजारी आल्या तर अदलाबदल (दोन्ही पिवळ्याच की हो!). वहिनी म्हणते, ताट घासायचं काम तेवढं वाढलं.