रूट झोन तुंबला? कर्दळ उपटण्याआधी गटार बघा

खडीच्या वाफ्यात कर्दळ लावायची, गावाचं सांडपाणी खडीतून झिरपत मुळांपाशी जाईल आणि पलीकडून शेतीजोगं निघेल. रूट झोन, म्हणजे मुळांच्या आधारे सांडपाणी शुद्ध करणारा हा वाफा, कागदावर असा सोपा दिसतो, म्हणून उद्घाटनानंतर त्याकडे कुणी फिरकत नाही. पुढे वाफ्यावर पाणी साचतं, डास होतात आणि खापर कर्दळीवर फुटतं. बिघाड बहुतेक वेळा चार पावलं अलीकडेच असतो.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे गटार थेट वाफ्याला जोडणं. आपल्याकडे अजून बऱ्याच घरांत भांडी राखेनं घासतात, अंगणं मातीची असतात. ही राख, माती, तेलकट ओशट आणि गुटख्याच्या पुड्या खडीतल्या फटींत बसल्या की पाणी वरून वाहू लागतं. तुंबलेली खडी बाहेर काढून धुणं हे खर्चिक काम आहे. आधी जाळी आणि गाळाची टाकी बांधणं त्यापेक्षा फार स्वस्त. जाळी रोज झाडायची, टाकीतला गाळ वेळच्या वेळी उपसायचा. हे कोण करणार आणि पगार कुठून, हे ग्रामपंचायतीच्या ठरावात लिहून घ्या. ‘सगळ्यांनी मिळून’ लिहिलंत, तर कुणीच करणार नाही.

पाणी वर दिसलं की लगेच खडी उकरू नका. आधी बाहेर पडणाऱ्या पाइपाची उंची तपासा. पाण्याची पातळी खडीच्या पृष्ठभागाच्या थोडी खाली हवी. पाइप नको तितका वर बसवला असेल, तर खडी नवीकोरी असूनही डबकं होतं.

दुसरी गफलत हिशोबाची. जल जीवन मिशनचे माणशी रोज ५५ लिटर धरले, त्यातलं ८० टक्के सांडपाणी धरलं, तर २००० वस्तीच्या गावाला दिवसाला ८८,००० लिटर येतात. पण घरोघरी बोअर असेल तर जास्त, आणि उघड्या कच्च्या गटारात वाटेतच जिरत असेल तर कमी. म्हणून सकाळच्या धुण्याभांड्याच्या वेळी गटाराच्या तोंडाशी बादली आणि घड्याळ घेऊन मोजा. पावसाचं पाणी याच गटारात येत असेल, तर ते वळवायला बगल-वाट हवीच. नाहीतर पहिल्याच मोठ्या पावसात गाळाची टाकी ढवळून सगळी घाण वाफ्यात जाईल.

जमीन मुरमाड असेल तर घरोघरच्या शोषखड्ड्यांनी प्रकल्पावरचा भार बराच कमी होतो. नांदेड जिल्ह्यानं ते करून दाखवलंय. काळ्या मातीत मात्र ती नक्कल करू नका, पाणी फारसं जिरत नाही.

वास येतोय? सेप्टिक टँकचे पाइप गुपचूप गटारात सोडलेत का ते शोधा. फक्त मोरी-न्हाणीच्या पाण्यासाठी आखलेला वाफा संडासाचं पाणी पेलत नाही. तपासणी पथक येणार म्हणून सुरुवातीच्या टाकीत फिनाइल किंवा ब्लीचिंग पावडर ओतणं हा तर हमखास उद्योग. त्यानं घाण खाणारे जिवाणूच मरतात. ब्लीचिंग शेवटच्या टाकीत, गढूळपणा गेल्यावर टाकायचं आणि पाणी निदान अर्धा तास तिथे थांबू द्यायचं. तरीही ते पाणी चाऱ्याला किंवा फळझाडांना द्या, कोथिंबीर-मेथीला नको.