शिडाच्या बोटीने आठवडाभर: ब्रिटिश व्हर्जिन बेटांची सफर कशी आखावी

कॅरिबियनचा नकाशा उघडला की एका आठवड्यात पाच देश करून टाकावेत असा मोह होतो. तो आवरा. शिडाची भाड्याची बोट ताशी पाच ते सहा सागरी मैल जाते, म्हणजे सकाळपासून दुपारपर्यंत फार तर तीस मैल. बेटांमधली अंतरे मोठी असली तर आठवडाभर नुसते पाणीच दिसेल. पहिल्या खेपेला ब्रिटिश व्हर्जिन बेटेच घ्यावीत. इथे पुढचे बेट बहुतेक वेळा डोळ्यांसमोर असते. मधला सर फ्रान्सिस ड्रेक चॅनेल, म्हणजे बेटांमधला समुद्राचा पट्टा, दोन्ही बाजूंनी बेटांनी झाकलेला असल्यामुळे मोठी लाट आत येत नाही. भरती-ओहोटीचा फरकही जेमतेम फूट-दीड फूट. मुंबईत उधाणाला पाणी चारेक मीटर चढ-उतार करते, त्या सवयीच्या माणसाला हे जवळजवळ तलावच वाटेल. खडक मात्र तलावात नसतात.

महिना ठरवा

१ जून ते ३० नोव्हेंबर हा चक्रीवादळांचा मोसम. सप्टेंबर २०१७मध्ये इर्मा वादळाने ही बेटे उद्ध्वस्त केली होती, म्हणून ऑगस्ट ते ऑक्टोबर टाळाच. उरलेल्या महिन्यांत पूर्वेकडून, ईशान्येकडून व्यापारी वारे नेमाने वाहतात, साधारण १५ ते २० नॉट (ताशी सागरी मैल). डिसेंबरच्या मध्यापासून जानेवारीअखेर ते २५च्या पुढे जातात. त्यांना तिथे 'ख्रिसमसचे वारे' म्हणतात. शिवाय हिवाळ्यात अटलांटिकमधून उत्तरेची लांब, फुगीर लाट येते आणि उत्तरेला तोंड असलेले मुक्काम रात्रभर हलतात. नवख्यांसाठी एप्रिलचा उत्तरार्ध आणि मे सर्वात बरा: वारा आटोक्यात, गर्दी ओसरलेली, भाडेही उतरलेले.

कागदपत्रे: इथेच सर्वाधिक सहली अडतात

मुख्य बेट टॉर्टोला; त्याचा विमानतळ शेजारच्या बीफ आयलंडवर आहे. बरेच जण प्वेर्तो रिकोमार्गे किंवा सेंट थॉमसला उतरून फेरीने येतात. हे दोन्ही अमेरिकी प्रदेश, त्यामुळे नुसते विमान बदलायलाही भारतीय पासपोर्टला अमेरिकेचा व्हिसा हवा. अमेरिकेत राहणाऱ्या मराठी मंडळींनी एक गोष्ट नीट तपासावी. एच-वन-बीची मुदतवाढ मिळाली आहे, पण पासपोर्टवरचा व्हिसा संपला आहे, असे असेल तर परत येताना अडकाल. संपलेल्या व्हिसावर परत येण्याची सवलत एच-वन-बीला फक्त कॅनडा-मेक्सिकोपुरती आहे, या बेटांसाठी नाही. ब्रिटिश व्हर्जिन बेटांच्या प्रवेशाचा नियम तिथल्या इमिग्रेशन विभागाला ईमेल करून लेखी मागवा आणि मगच बोटीचे पैसे भरा.

समोर दिसणारे सेंट जॉन बेट अमेरिकेचे आहे. 'इतके जवळ आहे तर जाऊन येऊ' असे करू नका. तिथे पाय ठेवणे म्हणजे दुसऱ्या देशात प्रवेश, आणि येता-जाता दोन्हीकडच्या तपासणीत एक दिवस जातो.

बोट निवडा आणि तांडेल (बोटीचा कप्तान) कोण ते ठरवा

सहा जणांसाठी दोन पर्याय. एका सांगाड्याची ४२ ते ४५ फुटी बोट स्वस्त पडते आणि वाऱ्याविरुद्ध जायला चांगली, पण कलते, आणि तिचा तळ दोन मीटर खोल असतो. दोन सांगाड्यांची ४० ते ४२ फुटी बोट, म्हणजे कॅटमरान, दुप्पट जागा देते, कलत नाही, तळ जेमतेम सव्वा मीटर. सवय नसलेली मंडळी असतील तर कॅटमरानच घ्या. हंगामात तिचे आठवड्याचे भाडे साधारण ८ ते १२ हजार डॉलरपर्यंत जाते. विमा, अनामत, परवाना आणि राष्ट्रीय उद्यानाचे शुल्क त्यात धरले आहे का, हे लेखी विचारा.

बोट स्वतः चालवायची तर कंपनी तुमच्या अनुभवाची यादी मागते: कोणत्या लांबीची बोट, कुठे, किती दिवस, नांगर कितीदा टाकला. चार-पाच वर्षांपूर्वी डिंगी (लहान होडी) चालवली होती, एवढ्यावर भागत नाही. अशा वेळी तांडेल भाड्याने घ्यावा. दिवसाला २०० ते ३०० डॉलर, त्याचे जेवण आणि झोपायला एक केबिन. केबिन मोजताना हे विसरले की पहिल्याच रात्री कोणीतरी दिवाणखान्यात झोपते.

भारतात शिकलेल्यांसाठी एक इशारा. वाट दाखवणाऱ्या बोयांचे (पाण्यावरच्या तरंगत्या खुणांचे) रंग इथे उलटे आहेत. आपल्याकडे बंदरात शिरताना लाल बोया डाव्या हाताला ठेवतात, कॅरिबियनमध्ये तो उजव्या हाताला ठेवायचा. सवयीने हात चुकीकडे वळतो, म्हणून सुकाणूजवळ चिकटपट्टीवर लिहून ठेवा.

मार्ग वाऱ्याकडून ठरवून घ्या

वारा पूर्वेचा, म्हणून पूर्वेला जाणे कष्टाचे आणि पश्चिमेला येणे सुखाचे. कष्ट आधी उरकावेत, तेही झाकलेल्या चॅनेलमध्ये, छोट्या टप्प्यांनी. परतीचा लांब पल्ला पाठवाऱ्यावर घ्यावा.

पहिला दिवस: टॉर्टोलावरच्या रोड टाउनहून नॉर्मन बेटाचा 'द बाइट' उपसागर, ६ मैल. बोट ताब्यात मिळायला दुपारचे तीन वाजले तर निघूच नका, धक्क्यावरच झोपा.

दुसरा: सकाळी शेजारच्या 'द इंडियन्स' या चार सुळक्यांपाशी स्नॉर्केलिंग, मग वाऱ्याविरुद्ध वळणे घेत कूपर बेट. सरळ अंतर ७ मैल, प्रत्यक्षात दहा-अकरा पडतात. वाटेत सॉल्ट बेटापाशी १८६७च्या वादळात बुडालेल्या 'ऱ्होन' या टपालबोटीचे अवशेष आहेत. त्यांचा उथळ भाग पाण्यावरून पोहतानाही दिसतो.

तिसरा: व्हर्जिन गोर्डाचे 'द बाथ्स', घराएवढ्या ग्रॅनाइट शिळा आणि त्यांमधली पाण्याची दालने. कूपरहून पाचच मैल, पण साडेआठपर्यंत पोहोचा. त्यानंतर बोट बांधायचे दिवसाचे बोये भरतात. किनाऱ्यावर लाल झेंडा असेल तर पाण्यात उतरू नका. दुपारी पुढे त्याच बेटाच्या उत्तरेचा नॉर्थ साउंड उपसागर.

चौथा आणि पाचवा: अनेगाडा, नॉर्थ साउंडपासून जवळजवळ सरळ उत्तरेला १३ मैल. बाकीची बेटे डोंगराळ, पण हे प्रवाळाचे आणि सपाट. सर्वात उंच जागा समुद्रापासून जेमतेम २८ फूट. त्यामुळे जमिनीआधी झाडांचे शेंडे दिसतात आणि नवखा तांडेल 'बेट गेले कुठे' म्हणून घाबरतो. आठला निघून अकरा-साडेअकराला पोहोचा. सूर्य डोक्यावर असला तरच पाण्याचा रंग वाचता येतो: गडद निळे म्हणजे खोल, फिकट हिरवट म्हणजे वाळू, तपकिरी म्हणजे प्रवाळ. बोयांची वाट सोडून 'जवळचा रस्ता' शोधू नका. मुक्कामी पाणी अडीच मीटरच्या आसपास, म्हणून खोल तळाच्या बोटीने फार आत शिरू नये. रात्री लॉब्स्टर खायचा असेल तर दुपारीच वायरलेसवरून सांगून ठेवावे लागते.

सहावा: अनेगाडाहून योस्ट व्हॅन डाइक बेट, २७ मैल, वारा मागून. सफरीतला सर्वात सुरेख दिवस हाच.

सातवा: टॉर्टोलाच्या पश्चिम टोकाला वळसा घालून पुन्हा चॅनेलमध्ये, पीटर किंवा नॉर्मन बेटापाशी मुक्काम. शेवटची रात्र योस्टला काढू नका. सकाळी वारा तोंडावर असतो आणि बोट परत करायची वेळ ठरलेली असते.

दुपारी दोनचा नियम

भाड्याच्या बोटीला रात्री चालायची मनाई असते आणि हिवाळ्यात सहाच्या सुमारास अंधारते. तरी खरी मुदत दुपारी दोन. तोवर मुक्कामी पोहोचलात तर बोया मिळतो, नाही मिळाला तर नांगर टाकायला किंवा पुढच्या उपसागरात जायला वेळ उरतो. काही बोये त्याच दिवशी सकाळी सातला मोबाइलवरून राखता येतात, बाकीचे आधी येईल त्याचे. रात्रीचे ३० ते ६५ डॉलर धरा आणि रोख जवळ ठेवा. राष्ट्रीय उद्यानाचे बोये फक्त दिवसा, तेही दीड तासापुरते.

बोया धरताना वाऱ्याकडे तोंड करून अगदी सावकाश या. नाळेवरचा (बोटीच्या पुढच्या टोकावरचा) माणूस आकडीने बोयाचा दोर उचलतो. कॅटमरानला दोन दोर लागतात: डाव्या खुंटीवरून निघालेला दोर बोयाच्या कडीतून परत डाव्याच खुंटीला, उजवा उजवीला. एकच दोर डावीकडून उजवीकडे ओवला तर बोट डोलते तसा तो कडीत करवतीसारखा घासतो आणि पहाटे तुटतो. बांधून झाले की एकाने पोहण्याचा चष्मा लावून बोयाखालची साखळी पाहून यावी.

नांगर टाकायचा तर हिशेब असा: पाणी ५ मीटर, पाण्यापासून नाळेची उंची दीड मीटर, बेरीज साडेसहा. त्याच्या पाचपट, म्हणजे निदान ३३ मीटर साखळी सोडा. वारा वाढणार असेल तर सातपट. वाळूवरच टाका. गवतावर तो घसरतो आणि प्रवाळावर टाकणे हा गुन्हा. शेवटी इंजिन मागे चालवून किनाऱ्यावरच्या दोन खुणा एका रेषेत राहतात का ते पाहा.

पाणी, वीज, स्वयंपाक

पिण्याचे पाणी माणशी दिवसाला तीन लिटर, म्हणजे सहा जणांना सात दिवस १२६ लिटर, बाटल्यांत. टाकीचे पाणी भांडी-अंघोळीला. ६०० लिटरची टाकी सहा जण घरच्यासारखे नाहले तर तिसऱ्या दिवशी कोरडी. समुद्रात डुबकी मारून साबण लावा, पुन्हा डुबकी आणि शेवटी गोड्या पाण्याचा अर्धा मिनिट फवारा. फ्रीज बॅटऱ्या खातो, म्हणून सकाळ-संध्याकाळ तासभर इंजिन चालवा.

सामान टॉर्टोलाला सुपरमार्केटमध्ये मिळते, पण सगळे बाहेरून आलेले, म्हणून महाग. पोहे, रवा, तूरडाळ, गोडा मसाला बंद पाकिटांतून आणला तर बोटीवरची निम्मी न्याहारी सुटते. ताजी फळे-भाज्या आणू नका. खिचडी नांगर पडल्यावरच टाका. चालत्या बोटीत उकळते पातेले हा सर्वात मोठा धोका, वादळ नव्हे. सहा जणांना चार वाट्या तांदूळ, दोन वाट्या डाळ पुरते.

गळाला लागलेला बाराकुडासारखा प्रवाळातला मासा खाऊ नये. त्यातले सिग्वाटेरा विष शिजवूनही जात नाही. मासेमारीला परवानाही लागतो.

काय बिघडते

एक नंबर: इंजिनाच्या पाण्यातल्या पंख्यात अडकलेला दोर. बोटीमागे बांधलेल्या डिंगीचा लांब दोर, इंजिन मागे घेतले की आत ओढला जातो. म्हणून मुक्कामी वळण्याआधी तो आखडून घ्यायचा, हे काम एकाच माणसाकडे द्या.

दोन: तुंबलेला संडास. पोटातून आले नसेल ते त्यात टाकू नका, कागदही नाही.

तीन: नांगराचे यंत्र बंद पडणे. इंजिन चालू नसताना ते चालवले की फ्यूज उडतो. फ्यूज कुठे आहे ते ताबा घेतानाच दाखवून घ्या. त्याच वेळी जीवरक्षक जाकिटे मोजा, आणि जुन्या ओरखड्यांचे फोटो काढा.

चार: शीड उशिरा लहान करणे. कॅटमरान कलून इशारा देत नाही, म्हणून अंदाजावर जाऊ नका. वाऱ्याचा आकडा १८ नॉट दिसला की पहिली घडी घाला.

बोट लागण्यावरची गोळी निघाल्यावर घेऊन उपयोग नाही, तासभर आधी घ्या. संकटात वायरलेसचे १६ नंबर चॅनेल. फोनवर ७६७ लावले की तिथल्या शोध-बचाव पथकाशी संपर्क होतो.

परतीच्या सकाळी डिझेलची टाकी भरूनच बोट द्यावी लागते आणि पंपावर दहानंतर रांग लागते. सातला बोया सोडा.