‘छान झालंय खरं…’ : छोट्या जाहिरातीचा व्हिडिओ दाखवायचा कसा आणि बघायचा कसा

बेळगावात ‘पण’ म्हणायचं असलं की आपण ‘खरं’ म्हणतो. ‘येतो खरं उशीर होईल.’ ‘साडी चांगली आहे खरं किंमत?’ पुण्याकडचा माणूस यात गोंधळतो. माझं मात्र पोट याच शब्दावर चालतं. शहापुरात १५ वर्षं लग्नाचं शूटिंग केलं, आता दुकानदारांसाठी ३०-४० सेकंदांच्या जाहिराती करतो. पहिला कट दाखवला की समोरचा म्हणतो, ‘छान झालंय खरं…’ आणि गप्प होतो. नवखा पोरगा ‘छान’वर खूश होऊन घरी जातो. मी बसून राहतो. कामाचं जे काही असतं ते ‘खरं’च्या पुढे असतं, आणि आपला माणूस भिडेपोटी नेमकं तेवढंच गिळतो. ते बाहेर कसं काढायचं, आणि बघणारे तुम्ही असलात तर ते सांगायचं कसं, यावर हे लिहितोय.

आधी कुंद्याची गोष्ट सांगतो. एका मिठाईच्या दुकानाचं काम होतं. ४० सेकंद, उभा व्हिडिओ. पहिलाच शॉट कढईचा: तपकिरी, दाट, बुडबुडे फुटतायत, उलथनं फिरतंय. मालकांना आवडला, त्यांच्या दोन्ही भावांना आवडला, माझ्या हाताखालच्या पोरानं तर स्टेटसला ठेवू का विचारलं. आवडणारच. सुरू करायच्या आधी मीच म्हणालो होतो, ‘पहिल्यांदा कढई आहे बघा, दूध आटून कुंदा होतोय.’ त्याच आठवड्यात खानापूरला आत्तीकडे गेलो. काही न बोलता फोन हातात दिला, आवाज बंद करून. आत्ती म्हणाली, ‘कुणाचं गुऱ्हाळ गा हे?’

संपला विषय. कुंद्याला तो रंग दूध आणि साखर आटता आटता खरपूस होण्यातून येतो. हे ज्याला सांगितलं नाही त्याला ती उसाच्या रसाची काहीलच वाटणार. आता नीट बघा, आत्तीनं ‘दुधाचा शॉट आधी घे’ असं काही सुचवलं नाही. तिला काय दिसलं तेवढं सांगितलं. उपाय शोधणं माझं काम. कॅनमधून पांढरं दूध कढईत पडतानाचे २ सेकंद आमच्याकडे होतेच, ते पुढे आणले.

दाखवताना

माणसाची पहिली नजर एकदाच मिळते. दुसऱ्यांदा बघताना त्याला उत्तर माहीत असतं. त्या व्हिडिओपुरती आत्ती संपली. दुरुस्त केलेला कट तिला दाखवून ‘आता कळतंय का?’ विचारण्यात अर्थ नव्हता. म्हणून मी माणसं जपून खर्च करतो. पाच जण हाताशी असतील तर पहिला कट दोघांना, दुसरा आणखी दोघांना, आणि एक जण शेवटासाठी राखून. सगळ्यांना एकदम ग्रुपवर टाकला की पाचही एका दुपारी खलास. वर पहिल्यानं ‘एक नंबर’ लिहिलं की बाकीच्यांचे नुसते अंगठे येतात.

दाखवायचा तो फोनवर. स्टुडिओतल्या मोठ्या स्क्रीनवर सगळंच देखणं दिसतं. फोन त्याच्या हातात द्या, आधी आवाज बंद ठेवून, मग चालू करून. जमलं तर एकदा दुकानाबाहेर उन्हात. आणि तोंडाकडे बघू नका, अंगठ्याकडे बघा. तोंड तुमच्याशी सभ्यपणे वागतं. अंगठा कंटाळला की वर सरकायला लागतो.

‘आवडला का?’ हा प्रश्न विचारूच नका. ‘होय की, छान की’ याशिवाय दुसरं उत्तर आपल्याकडे मिळत नाही. मी विचारतो: हे कशाचं दुकान? कुठं आहे? काय घ्यावंसं वाटलं? कुठं लांबल्यासारखं वाटलं? चौथ्या प्रश्नाला लोक बिचकतात. तेव्हा म्हणायचं, ‘५ सेकंद कापायचेच आहेत, कुठले कापू?’ मग बरोबर बोट ठेवतात.

तपासणीच्या कॉपीवर कोपऱ्यात चालते सेकंद टाका. कुठल्याही एडिटिंग सॉफ्टवेअरमध्ये टाइमकोड असतो. नाहीतर ‘ते मधे बाई येतात ना, त्याच्या जरा नंतर’ असल्या सूचना फोनवर उलगडत बसावं लागतं. व्हॉट्सअॅपवर पाठवायचा तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा. नेहमीसारखा पाठवला की तो दाबून छोटा होतो, आणि मग समोरचा ‘चित्र फुटतंय’ म्हणून तक्रार करतो, जी तुमच्या कामाची नसतेच. आणि आडवं मोठ्ठं लिहा: ‘तपासणीसाठी’. मी एकदा लिहिलं नाही. एका कापड दुकानदारानं घड्याळ चालू असलेली ती कॉपीच स्टेटसला लावली आणि दुपारपर्यंत त्यांना फोन, ‘ऑफर कधी संपते?’

सांगताना

बघणाऱ्याच्या जागी तुम्ही असाल तर क्रम एवढाच: कुठल्या सेकंदाला, काय दिसलं किंवा काय कळलं नाही, आणि त्यानंतर वाटलं तर उपाय. आपण उलटं करतो. सरळ उपाय फेकतो. त्याच कुंद्याच्या कामात मालक तीनदा म्हणाले, ‘म्युझिक बदला.’ तीनदा बदललं. चौथ्यांदा मी विचारलं, ‘मालक, म्युझिक नडतंय कुठं?’ तर म्हणाले, ‘वडील बोलतात तिथं.’ वडील १८ व्या सेकंदाला येतात, वयामुळे आवाज बारीक, आणि खालून सनई-ढोलकी. म्युझिकचा दोषच नव्हता, वडील ऐकू येत नव्हते. पहिलंच संगीत परत घेतलं आणि बोलण्याखाली १५-२० डेसिबलनं उतरवलं. ‘१८ ला वडिलांचं बोलणं कळत नाही’ हे पहिल्या दिवशी आलं असतं तर माझ्या तीन रात्री वाचल्या असत्या. पण मीही तीनदा न विचारता बदललं होतंच.

‘जरा ग्रँड करा’, ‘पंच नाही’, ‘मुंबईवाले करतात तसं पाहिजे’ यांचं असंच आहे. राग धरू नका, माणसाला काहीतरी खटकलंय, फक्त शब्द सापडत नाही. व्हिडिओ थांबवत थांबवत पुन्हा लावा आणि ‘इथं? इथं?’ विचारत जा.

‘फार फास्ट बोलतोय’ असं कुणी म्हटलं तर वाद घालण्याऐवजी शब्द मोजा. मराठीत निवांत बोललं तर ३० सेकंदांत ६०-७० शब्द बसतात. दुकानदारानं लिहून दिलेल्या कागदावर ११० असतात, कारण त्याला आजोबांपासूनचा इतिहासही पाहिजे असतो. तिथं बोलणाऱ्याला दमवून उपयोग नाही, आजोबांना रजा द्यावी लागते.

चांगलं काय आहे तेही सांगा, खरं समोरच्याला बरं वाटावं म्हणून नव्हे. चमच्यावरच्या कुंद्यातून वाफ निघते तो शॉट सगळ्यांना आवडला होता आणि कुणी बोललं नव्हतं. पुढच्या कटात माझ्या पोरानं लांबी कमी करायला नेमका तोच उडवला. त्याला कसं कळणार? ‘२६ ची वाफ हलवू नको’ एवढं कुणीतरी म्हणायला पाहिजे होतं.

ऐकताना

तुमचा व्हिडिओ असेल तर तोंड बंद आणि वही उघडी. समजावायला जाऊ नका. ‘तिथं लाइट नव्हती’, ‘ते नंतर कळतं’, ‘कॅमेरा एकच होता’ हे सगळं खरं असेल, पण गणपत गल्लीत रिक्षाची वाट बघत फोन चाळणाऱ्याला ते सांगायला तुम्ही तिथं नसणार. त्याचेच शब्द जसेच्या तसे लिहा. मी आत्तीचं ‘गुऱ्हाळ’ लिहून ठेवलं. ‘सुरुवात अस्पष्ट’ असं लिहिलं असतं तर दुसऱ्या दिवशी मलाच अर्थ लागला नसता.

मग एक रात्र जाऊ द्या. सकाळी वहीतल्या ओळी वेगळ्या करा. काही चुका असतात, तिथं मतांचा प्रश्न नाही. वडगावच्या विणकरांच्या एका कामात मुलाखतीत खडखडाट नको म्हणून मी माग थांबवून धोटा हातानं सरकवून शॉट घेतला होता. घरातल्या म्हाताऱ्या बाबांनी बघितला आणि म्हणाले, ‘माग थांबलेला हाय की. विणणारी माणसं हसतील.’ शॉट पुन्हा घेतला, खडखडाटासकट. उद्यमबागेतल्या एका फाउंड्रीत वितळलेलं लोखंड साच्यात ओततानाचा असा काही शॉट मिळाला होता की मी महिनाभर तोच दाखवत फिरलो असतो. सुपरवायझरनं २ सेकंदांत सांगितलं, ‘त्याचा गॉगल कपाळावर आहे.’ बाहेरचं गिऱ्हाईक पहिल्यांदा तेच बघतं. शॉट गेला. कामातल्या माणसानं कामाची चूक दाखवली की मान तुकवायची, सौंदर्याच्या गप्पा नाहीत.

काही अडखळणं असतं: दोघे-तिघे एकाच सेकंदाला थबकले तर तिथं खड्डा आहे, त्यांनी सुचवलेले उपाय वेगवेगळे असले तरी. आणि उरलेली आवड: निळ्याऐवजी केशरी, हा फॉन्ट तो फॉन्ट. ती एका माणसावर सोपवायची. कुणावर, हे पैसे ठरताना ठरवा. आपल्याकडे दुकान तीन भावांचं, सूचना पाच जणांच्या, आणि शेवटी घरात वैनी म्हणतात ‘मागचंच बरं होतं’. मी आता सांगतो: घरात काय बोलायचं ते बोला, मला एकाच नंबरवरून एकच मेसेज. दुरुस्तीच्या फेऱ्या दोन. पहिलीत क्रम आणि लांबी बोलायची, तेव्हा रंग आणि अक्षरं कच्चीच ठेवतो, नाहीतर लोक वेलांट्यांत अडकतात. दुसरीत अक्षरं, रंग, आवाज. तिथं ‘सुरुवात बदलू या’ आलं तर वेगळे पैसे. ऐकायला कडक वाटतं, खरं भांडणं कमी झाली.

‘ते ट्रेंडिंग गाणं टाका’ ही सूचना दर कामात येते. इन्स्टाग्रामच्या बिझनेस खात्याला सगळी गाणी वापरता येत नाहीत, जाहिरातीसाठी त्यांचे हक्क वेगळे असतात. एवढं सांगायचं आणि पुढे जायचं.

दोन लिप्या

हा भाग इतरांना लागणार नाही, आपल्याला लागतो. आपल्या जाहिरातीत मराठी बोलणं आणि कन्नड अक्षरं, किंवा उलटं, असं असतंच. कन्नड ओळी कन्नड वाचणाऱ्याला दाखवा आणि मोठ्यानं वाचायला सांगा. ‘बरोबर आहे का?’ विचारलं तर तो नजर फिरवून ‘भाळ चलो ऐती’ (लई छान आहे) म्हणेल. मोठ्यानं वाचताना जीभ अडते ती खरी तपासणी. कन्नड येत नसताना मी एकदा कॉपी-पेस्ट केलं आणि सगळे ओत्तक्षर, म्हणजे जोडाक्षरातली दुसरी अक्षरं, खाली बसायची ती बाजूला येऊन उभी. शेजारच्या किराणावाल्या अण्णांनी दाखवलं नसतं तर तसंच गेलं असतं. मराठीतही तेच होतं, ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या उजवीकडे जाऊन बसते, जोडाक्षर सुटतं. सॉफ्टवेअरमध्ये दक्षिण आशियाई लिप्यांचं टेक्स्ट इंजिन निवडावं लागतं आणि युनिकोड फॉन्ट वापरावा लागतो.

‘बेळगाव’ लिहायचं की ‘बेळगावी’, कुठली लिपी वर आणि मोठी, यावरही सूचना येतात. १ नोव्हेंबर २०१४ पासून सरकारी नाव बेळगावी आहे, आणि पाटीवर ६० टक्के कन्नडचा नियम २०२४ मध्ये कायद्यात आला, त्यामुळे फ्रेममध्ये पाटी दिसत असेल तर तीही लोक मोजतात. व्हिडिओ चांगला की वाईट याच्याशी या सूचनांचा संबंध नाही, एडिटरनं त्यात पडू नये. मालकांना शूटिंगच्या आधी विचारून लिहून घ्यायचं. तारखेचंही तसंच. १ नोव्हेंबरला एकीकडे कर्नाटक राज्योत्सवाची मिरवणूक, दुसरीकडे मराठी माणसांचा काळा दिवस. त्या दिवशी कुंदा कुणाला दिसणार?

शेवटची नजर

पाचातला राखून ठेवलेला माणूस आता काढा. तयार व्हिडिओ खात्यावर न टाकता रीलच्या चौकटीत ठेवून दाखवा. तळाचा जवळजवळ तिसरा हिस्सा नाव, मजकूर आणि बटणांखाली जातो. माझा पहिला पत्ता तिथंच गाडला गेला होता, ‘शहापूर’मधला ‘शहा’ तेवढा वर. डबा जवळून दिसत असेल तर वजन, किंमत, तारीख आणि एफएसएसएआयचा, म्हणजे खाण्याच्या मालाच्या परवान्याचा, १४ आकडी नंबर थांबवून वाचा. जुना डबा शूटिंगला हमखास येतो.

आणि स्क्रीनवरचा फोन नंबर बघून, डायरीतला नव्हे, स्वतः लावा. कुंद्याच्या वेळी लावला तर मालकांनीच उचलला आणि आवाज न ओळखता म्हणाले, ‘आजचा संपला हो, उद्या ११ ला या.’