स्ट्रायकरला कोच व्हायचं असेल तर: आर्तुर जॉर्ज यांच्या वाटेवरून

कोल्हापुरात तालमीच्या फुटबॉल संघाकडून फॉरवर्ड खेळणारी पोरं तिशीकडे झुकली की मला विचारतात, "सर, आता कोचिंगमध्ये येता येईल का?" मीही फॉरवर्डच होतो, आता शाळकरी मुलांना शिकवतो. विचारणाऱ्याला मी आधी आर्तुर जॉर्ज यांची कारकीर्द नीट बघायला सांगतो. युरोपियन कप (आजची चॅम्पियन्स लीग) जिंकणारे ते पहिले पोर्तुगीज कोच, आणि खेळाडू म्हणून पक्के गोल करणारे.

जन्म 1946 चा, पोर्तो शहरातला. पोर्तोच्या युवा संघातून ते कोइंब्राच्या आकादेमिकाकडे गेले. हा विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांचा क्लब. तिथे खेळता खेळता त्यांनी जर्मानिक (म्हणजे जर्मन, इंग्रजी अशा) भाषांचा अभ्यास केला आणि पुढे तो पदवीपर्यंत नेला. 1969 मध्ये लिस्बनच्या बेन्फिका क्लबने त्यांना घेतलं. संघात युसेबिओसारखा विख्यात गोलस्कोरर असताना 1970-71 आणि 1971-72 असे सलग दोन हंगाम लीगमधले सर्वाधिक गोल आर्तुर जॉर्ज यांचे होते, पहिल्यात 23 आणि दुसऱ्यात 27. त्याच काळात, 1972 मध्ये, देशात हुकूमशाही असताना, व्यावसायिक खेळाडूंची संघटना उभी करणाऱ्यांत ते पुढे होते. आपल्याकडे खेळाडू आणि अभ्यास यांची फारकत गृहीत धरतात, ती मला मान्य नाही. हा माणूस शिखरावर होता तेव्हाही वाचत होता, करारांतली कलमं समजून घेत होता, बोलत होता. कोचला लागणारं निम्मं सामान तिथेच जमा झालं.

खेळणं थांबल्यावर ते पूर्व जर्मनीत लाइपझिगला गेले आणि तिथल्या क्रीडा महाविद्यालयात प्रशिक्षणशास्त्र शिकले. भाषा येत होतीच. परत आल्यावर थेट मोठा संघ मागितला नाही. 1980 मध्ये गिमारायश क्लबला कोच जोझे मारिया पेद्रोतो यांच्या हाताखाली सहायक झाले, मग बेलेनेन्सेस, मग दक्षिणेकडचा छोटा पोर्तिमोनेन्स. तोवर पोर्तोचे कोच झालेले पेद्रोतो 1984 मध्ये आजारी होते, तेव्हा पोर्तोची सूत्रं आर्तुर जॉर्ज यांच्याकडे आली. पहिल्या दोन्ही हंगामांत लीग जिंकली.

नवख्यांनी इथे थांबून विचार करावा. नावाजलेला गोलस्कोरर, तरी आधी वर्गात बसला आणि मग दुसऱ्याच्या बेंचवर. आपल्याकडे एआयएफएफची (अखिल भारतीय फुटबॉल महासंघाची) डी, सी, बी, ए अशी कोचिंग लायसन्सची चढण आहे. डी लायसन्सला तुम्ही किती गोल मारलेत हे कुणी विचारत नाही. तुमच्यासोबत आलेल्या उमेदवारांनाच खेळाडू करून सेशन घ्यायला लावतात. खेळ कधी थांबवला, काय दुरुस्त केलं, किती कमी शब्दांत केलं, हे बघतात. फॉरवर्ड इथे अडखळतात. आयुष्यभर आपण पाठ गोलकडे करून पास मागितलेला असतो. आपला लेफ्ट बॅक, म्हणजे डावीकडचा बचावपटू, त्या क्षणी कुठे उभा आहे हे बघायची वेळच आलेली नसते. म्हणून अजून खेळत असाल तर आजपासून एक करा: आपल्या पेठेचा सामना नसेल त्या दिवशी शाहू स्टेडियमवर जाऊन अर्धा तास चेंडूकडे न बघता फक्त एका संघाचे चार बचावपटू बघा. लिहून काढा. कंटाळा येतो, पण याच्याइतकं कामाचं दुसरं काही मला सापडलेलं नाही.

27 मे 1987, व्हिएन्ना, युरोपियन कपचा अंतिम सामना, पोर्तोसमोर बायर्न म्युनिक. पोर्तोचा हुकमी स्ट्रायकर फेर्नांदो गोमेश पाय मोडल्याने बाहेर. पंचविसाव्या मिनिटाच्या सुमारास कोग्लने हेडरवर बायर्नला पुढे नेलं. मध्यंतराला आर्तुर जॉर्ज यांनी मिडफिल्डर कीम याला काढून जुआरी हा चणीने लहान, चपळ ब्राझिलियन फॉरवर्ड उतरवला. अंतिम सामन्यात, एका गोलने मागे असताना, मधली फळी पातळ करायला धाडस लागतं. सत्त्याहत्तराव्या मिनिटाला पोर्तोच्या माजेरचा तो गाजलेला, टाचेने मारलेला गोल झाला, आणि त्याचा पास होता जुआरीचा. दोन-तीन मिनिटांत माजेरच्या क्रॉसवर जुआरीने दुसरा मारला. 2-1. हा सामना पूर्ण बघा, नुसते गोल नकोत. दुसऱ्या अर्धात बायर्नचे बचावपटू कसे मागे मागे सरकत गेले ते दिसेल.

पुढे पॅरिस सां-जर्मांला त्यांनी 1993 मध्ये फ्रेंच कप आणि 1994 मध्ये लीग जिंकून दिली. पण सगळं चढतं नव्हतं. बेन्फिकाला परतले तेव्हा संघ तिसरा आला आणि पुढच्या हंगामाच्या सुरुवातीलाच त्यांना काढलं. स्वित्झर्लंडचे कोच असताना 1996 च्या युरोसाठी, म्हणजे युरोपातल्या देशांच्या स्पर्धेसाठी, त्यांनी झुटर आणि क्नुप या नावाजलेल्या खेळाडूंना वगळलं, वृत्तपत्रं तुटून पडली, आणि संघ गटातच बाद झाला. या पेशात नोकरी जाते. घरच्यांना हे आधी सांगून ठेवा, आणि सुरुवातीची काही वर्षं शाळेतलं काम किंवा दुसरं उत्पन्न हातचं सोडू नका.

1997 मध्ये ते पोर्तुगालचे राष्ट्रीय कोच असताना संघातून वगळलेला फॉरवर्ड रिकार्दो सा पिंतो सरावाच्या जागी आला आणि त्याने त्यांच्यावर हात उचलला. सा पिंतोवर वर्षाची बंदी आली. तोच पुढे कोच झाला, 2012 मध्ये लिस्बनच्या स्पोर्टिंग क्लबला त्याने युरोपा लीगच्या उपांत्य फेरीपर्यंत नेलं, तेही मँचेस्टर सिटीला बाहेर काढून. म्हणजे कुणाला घ्यायचं, कुणाला वगळायचं ही यादी करण्याचं काम त्याच्याही वाट्याला आलं.

तुमच्याही येईल, आणि पहिल्याच महिन्यात येईल. आंतरशालेय स्पर्धेची यादी फळ्यावर लावण्याआधी वगळलेल्या प्रत्येक मुलाला बाजूला घेऊन स्वतः सांगा. कारण एकच द्या, खेळातलं द्या: डावा पाय, परत धावणं, जे असेल ते. आणि सोमवारी सरावाला आल्यावर त्याच गोष्टीवर त्याच्यासाठी पंधरा मिनिटं वेगळी काढा. पालक मैदानावर येतात तेव्हा त्यांनाही हेच सांगता येतं.