किल्ट नेसायचा कसा, आणि परंपरा म्हणजे नेमकं काय

स्कॉटलंडमधल्या लग्नाला निघालेल्या पाहुण्याला किल्ट, म्हणजे पुरुष नेसतात तो निऱ्यांचा लोकरी घागरा, भाड्याने सहज मिळतो, आणि त्यासोबत नियमांची भलीमोठी यादीही. त्यातले काही नियम शिवणीतूनच आलेत. ते मोडले की किल्ट वाकडा दिसतो. बाकीचे बरेचसे 1822 नंतरचे. त्या वर्षी राजा चौथा जॉर्ज एडिंबरोला आला, कादंबरीकार वॉल्टर स्कॉटने स्वागताचा थाट मांडला आणि हायलँडचा डोंगरी पोशाख अख्ख्या देशाचा झाला. त्याआधी 1746 च्या कायद्याने त्यावर बंदी होती. ती उठली 1782 मध्ये.

माप देताना पँटचा नंबर सांगू नका. किल्ट नाभीच्या पातळीवर बसतो, तिथला घेर मोजा. काठ गुडघ्याच्या वाटीच्या मध्यापर्यंत किंवा जरा वर हवा. गुडघे टेकून बसलात तर जमिनीपासून साधारण 1 इंच वर राहायला हवा. पूर्ण किल्टला 8 वार लोकरी कापड लागतं, नऊवारीपेक्षा एकच वार कमी, आणि त्यातलं बहुतेक मागच्या निऱ्यांत जातं.

आधी मोजे आणि बूट घाला. किल्ट चढवल्यावर वाकणं अवघड, आणि पाहणाऱ्यांनाही अवघड. मोजा वाटीच्या खाली तीन बोटांवर दुमडा. घिली ब्रोग बुटाच्या नाड्या तीनदा पिळून घोट्याच्या वर मागून फिरवा आणि पुढे बांधा. पोटरीपर्यंत चढवल्या तर चालताना घसरतात.

आता किल्ट. निऱ्या मागे. उजव्या हाताकडचा पदर पोटावरून डावीकडे न्या, त्याचा पट्टा कमरेजवळच्या फटीतून बाहेर काढून बकलात अडकवा. मग डावीकडचा पदर वरून उजवीकडे; झालर उजव्या मांडीवर यायला हवी. उजवीकडे बहुधा दोन बकलं असतात. कमरेचं घट्ट लावा, नितंबाजवळचं नुसतं टेकेल इतकंच. ते आवळलं की मागच्या निऱ्या फाकतात, आणि नवशिक्यांचं घोडं नेमकं इथेच अडतं.

पिन खालच्या उजव्या कोपऱ्यात, फक्त वरच्या पदराला. दोन्ही पदरांतून टोचली तर बसताना कापड ओढलं जातं, फाटतंही. स्पोरन, म्हणजे पुढे लोंबणारा बटवा, पोटावर नको, कमरपट्ट्याच्या बकलाच्या खाली हातभर नव्हे, चार बोटांवर लोंबू द्या. वेस्टकोट असेल तर कमरपट्टा लावू नका. स्कीन डू हा छोटा सुरा उजखोऱ्याने उजव्या मोज्यात खोचावा. राष्ट्रीय पोशाखाचा भाग म्हणून तिथला कायदा त्याला मुभा देतो, विमानातल्या हातातल्या बॅगेत मात्र तो चालत नाही. आणि भाड्याच्या किल्टखाली अंतर्वस्त्र घालाच, परंपरेची फुशारकी कोणी कितीही मारो.

टार्टनचा, म्हणजे किल्टच्या चौकटींच्या नक्षीचा, धाक बाळगू नका. अमुक कुळाची अमुक चौकट हे बहुतांशी 19 व्या शतकात ठरलं. 1842 मध्ये दोघा भावांनी प्राचीन म्हणून छापलेला संग्रह तर चक्क बनावट निघाला. कुळाबाहेरच्याने टार्टन नेसू नये असा कायदा नाही. तरी राजघराण्याचा बालमोरल टाळा. ब्लॅक वॉच हा गडद निळा-हिरवा टार्टन कुणालाही शोभतो.

बसताना मागून हात फिरवून निऱ्या सपाट करा, गुडघे जवळ ठेवा. उतरवल्यावर कमरेला चिमटे लावून टांगा. प्रवासात घडी घालू नका, निऱ्यांच्या दिशेने लांब गुंडाळी करा. चुरगळलाच तर वाफ द्या, मशीनमध्ये टाकू नका.