विधिमंडळासाठी इतिहास लिहायचा तर

सगळ्यात आधी, कोणत्या तारखेला कोणतं सभागृह अस्तित्वात होतं हे तोंडपाठ करा. निम्मे घोळ इथलेच असतात. “बाबासाहेब विधानसभेत १९२७ ला आले ना?” असं विचारत कुणाचा तरी पीए घाईघाईनं येतो. नाही. १९२७ ला ते मुंबई कायदे कौन्सिलात नियुक्त सदस्य म्हणून आले, आणि तेव्हा सभागृह एकच होतं. विधानसभा १९३५ च्या भारत सरकार कायद्यानंतरची. तिचं पहिलं अधिवेशन १९ जुलै १९३७ ला पुण्यात, कौन्सिल हॉलमध्ये सुरू झालं. बाबासाहेब त्या सभागृहात निवडून आलेले.

दुसरा घोळ नकाशाचा. १९५४ साली विदर्भातल्या आमदारानं काय प्रश्न विचारला, हे मुंबईच्या कामकाजात शोधत बसलात तर जन्म जाईल. ते मध्य प्रदेश विधानसभेत, मराठवाड्यातले हैदराबाद विधानसभेत. १९५६ नंतर द्वैभाषिक मुंबई, १९६० नंतर महाराष्ट्र. हैदराबादच्या कामकाजासाठी उर्दू वाचणारं माणूस जोडीला ठेवा. मी ठेवते, आणि तिला चहापाण्यावर बोळवत नाही, टिपणात तिचं नाव घालते.

आता खरं काम. कामकाजाच्या खंडात, म्हणजे छापील अधिकृत वृत्तांतात, सभागृहात काय बोललं गेलं ते सापडतं. बाहेर काय झालं ते नाही. एखादा ठराव घ्या आणि तो जिथं थांबतो तिथपर्यंत त्याच्या मागे जा. नवख्यांना मी मुंबई कौन्सिलचे सदस्य सी. के. बोले यांचा ठराव देते. ४ ऑगस्ट १९२३ ला कौन्सिलनं तो मंजूर केला: सार्वजनिक पाणवठे, विहिरी, धर्मशाळा अस्पृश्यांना खुल्या. बरेच जण इथंच पूर्णविराम देतात. पुढं सप्टेंबरात सरकारनं खात्यांना आदेश काढला. १९२४ त महाड नगरपालिकेनं चवदार तळं खुलं केलं, कागदावर. १९२६ त बोलेंना पुन्हा ठराव आणावा लागला, की अंमल न करणाऱ्या संस्थांचं अनुदान थांबवा. आणि २० मार्च १९२७ ला लोकांना स्वतः तळ्यावर जावं लागलं. म्हणजे खंड हातावेगळा केला की सरकारी आदेश, नगरपालिकेची ठरावबुकं आणि त्या काळची वर्तमानपत्रं, अशा क्रमानं चला.

‘असुधारित प्रत’, म्हणजे अजून तपासून दुरुस्त न झालेली, असा शिक्का असलेल्या पानावरून उद्धृत करू नका. कामकाजातून काढून टाकलेले शब्द जुन्या वर्तमानपत्रात सापडले, तरी अधिकृत टिपणात घालू नका. वाचायला मात्र मजा येते. सदस्य-परिचयाच्या पुस्तिकांतली माहिती बहुतेक सदस्यांनीच भरून दिलेली असते, तेव्हा ‘शेतकरी आंदोलनात सक्रिय सहभाग’ याला दुसरा पुरावा हवाच. शोकप्रस्तावातली भाषणंही याच जातीची.

पक्षाचं नाव त्या दिवशी जे होतं तेच लिहा, आजचं नाही. इथं दबाव येतो. “तेवढा सभात्यागाचा उल्लेख गाळा” असं सत्ताधारी म्हणतात, आणि सत्ता बदलली की दुसरे म्हणतात. मी म्हणते, साहेब, लेखी द्या. आजवर कुणी दिलेलं नाही.

टिपण एका पानाचं ठेवा: सभागृह, तारीख, खंड, पान. काही सापडलं नाही तर ‘नोंद आढळली नाही’ असं लिहा, ‘असं घडलं नाही’ असं नको. आणि फोनवर तारीख कधीच सांगू नका. संध्याकाळच्या भाषणात ती वेगळीच होऊन येते.